वजन तेच, आकार वेगळा: टिश्यूमधल्या प्रोटीनचा बदल मास स्पेकला कळतो कसा?

अंबड_लिंकरोड (धागाकर्ता)

मंडळी, मी नाशिकच्या अंबडमधल्या एका फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे. एलसी-एमएस (आधी मिश्रण वेगळं करून मग मास स्पेकवर रेणू मोजणारं मशीन) रोज चालवतो, त्यामुळे मशीन नवीन नाही. पण आमचे रेणू लहान, तीनशे-चारशे डाल्टनचे (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक). आमच्या एमएस्सीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की अल्झायमर झालेल्या मेंदूच्या टिश्यूत प्रोटीनचा आकार बदललाय हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने पकडता येतं. तिथे मी अडकलो.

मास स्पेक मोजतं काय? वस्तुमान भागिले विद्युतभार. प्रोटीनची घडी चुकीची पडली तरी अमिनो आम्लं तीच, क्रम तोच, वजन तेच. शिवाय नेहमीच्या पद्धतीत आधी युरिया घालून प्रोटीन उलगडतात, ट्रिप्सिन या एन्झाइमने तुकडे करतात आणि ते तुकडे मशीनमध्ये सोडतात. म्हणजे आकार तर मशीनपाशी पोचायच्या आधीच आपण मोडून टाकलेला असतो. मग मशीनला तो कळणार कुठून?

दुसरी शंका टिश्यूची. शुद्ध प्रोटीन असेल तर एकवेळ ठीक. पण टिश्यू म्हणजे कापून काढलेला, गोठवलेला, कुटलेला. त्यात मूळ घडी टिकते यावर विश्वास का ठेवायचा?

मला हे पटलेलं नाही. जाणकारांनी लिहावं. लिंका नकोत, समजेल असं सांगा.

तिखट_रस्सा

वजन तेच आणि आकार बदललाय? माझं दोन्ही बदललंय. मला नमुना म्हणून घ्या, सोपी केस आहे.

जागा पकडून ठेवतो.

नीलिमा_गंगापूररोड

माहेर नाशिक, काम पुण्यात, प्रोटिओमिक्समध्ये, म्हणजे नमुन्यातल्या सगळ्या प्रोटीनांचा एकत्र अभ्यास. त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे.

धागाकर्ते, पहिली शंका शंभर टक्के बरोबर. मशीनला आकार दिसत नाही, दिसणारही नाही. म्हणून आकाराची माहिती प्रोटीन उलगडण्याआधीच वजनात उतरवून घ्यावी लागते. एकदा ती पेप्टाइडच्या, म्हणजे प्रोटीनच्या तुकड्याच्या वजनात आली की मग खुशाल उलगडा, कापा, मशीनला द्या.

हे दोन तऱ्हांनी करतात. पहिली कापण्याची. प्रोटीन मूळ घडीत असतानाच त्यावर प्रोटीनेज के नावाचं एन्झाइम अगदी थोडा वेळ, काही मिनिटं सोडायचं. ते सैल, उघड्या, लवचिक जागी कापतं, घट्ट घडी पडलेल्या भागाला फारसं लागत नाही. मग उष्णतेने ते थांबवायचं, सगळं उलगडायचं आणि ट्रिप्सिन घालायचं. निरोगी आणि आजारी नमुन्यांत घडी वेगळी असेल तर तुकड्यांचा संच वेगळा येतो. याला लिमिटेड प्रोटिओलिसिस म्हणतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या पाओला पिकोटी यांच्या गटाने २०१४ मध्ये पेशीतल्या सगळ्या प्रोटीनांवर एकदम ही पद्धत चालवून दाखवली. पुढे पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदू-मज्जाद्रवावरही त्यांनी ती वापरली, ते काम २०२२ चं.

दुसरी तऱ्हा खूण लावण्याची. तुम्ही वाचलेलं अल्झायमरचं काम बहुधा कोव्हॅलंट प्रोटीन पेंटिंगचं असावं. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या जॉन येट्स यांच्या गटाचं, २०२१ चं. त्यात लायसिन या अमिनो आम्लावर मिथाइल गट चिकटवतात. प्रोटीनांत शंभर अमिनो आम्लांत साधारण सहा लायसिन असतात. पृष्ठभागावर असलेल्या लायसिनला खूण लागते, आत दडलेल्याला लागत नाही. मग प्रोटीन मोडून, आता उघडं पडलेलं लायसिन दुसऱ्या समस्थानिकाच्या मिथाइलने रंगवतात. रसायन तेच, वजन वेगळं. साधा फॉर्माल्डिहाइड वापरला तर एका लायसिनमागे २८ डाल्टन वाढतात, ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि कार्बन-१३ वाली रसायनं वापरली तर ३६ पर्यंत. एकाच पेप्टाइडची दोन शिखरं मिळतात आणि त्यांच्या गुणोत्तरावरून ते लायसिन किती टक्के प्रोटीनांत उघडं होतं ते कळतं.

अंबड_लिंकरोड

म्हणजे मशीनसाठी हे साधं समस्थानिक गुणोत्तरच झालं! आम्ही तुलनेसाठी त्याच रेणूचा ड्युटेरियमवाला जड जोडीदार (इंटर्नल स्टँडर्ड) घालतो तसलंच. असं आधी कुणी का सांगितलं नाही?

एक प्रश्न. लायसिनला मिथाइल लावलं तर ट्रिप्सिन तिथे कापेल का?

नीलिमा_गंगापूररोड

नाही कापत. नेमका प्रश्न विचारलात. डायमिथाइल झालेल्या लायसिनपाशी ट्रिप्सिन अडतं, फक्त आर्जिनिनपाशी कापतं. म्हणून त्या कामात कायमोट्रिप्सिन वापरतात, ते मोठ्या जलद्वेष्ट्या अमिनो आम्लांपाशी कापतं, त्याला लायसिनशी देणंघेणं नाही.

निफाडकर_बागाईतदार

बायोलॉजी बारावीला सोडली. पण बागेत उभं राहून हे असं समजतं, बरोबर आहे का सांगा ताई.

थिनिंग (विरळणी) न केलेला, गच्च भरलेला द्राक्षाचा घड घ्या. ब्लोअर कितीही मारा, औषध बाहेरच्या मण्यांवर बसतं, आतले मणी कोरडे. म्हणून तर डावणीची बुरशी आतून सुरू होते. तोच घड सैल असेल तर औषध आतपर्यंत जातं. आता समजा फवारणीत निळा रंग घातला, मग घड तोडून सगळे मणी सुटे केले आणि ज्यांना निळा लागला नाही त्यांना लाल लावला. सुटे मणी पोत्यात भरून तुम्हाला पाठवले. घड तर राहिलाच नाही, पण निळे किती, लाल किती यावरून घड गच्च होता की सैल ते तुम्ही सांगाल.

नीलिमा_गंगापूररोड

भाऊ, हे मी पुढच्या सेमिनारला वापरणार, तुमचं नाव घेऊन.

एकच भर घालते. तुमच्याकडे एक घड नाही, अख्खा ट्रक आहे. त्यातले काही घड सैल, काही गच्च. एकच मणी ट्रकभर घडांमधून किती वेळा निळा आला, एवढंच आम्हाला कळतं. ७० टक्के आलं तर प्रत्येक घड थोडा सैल होता की सत्तर घड पूर्ण सैल आणि तीस गच्च, हे त्या आकड्यातून सांगता येत नाही. पेपर वाचताना ही गोष्ट फार लोक विसरतात.

तिखट_रस्सा

द्राक्षाचा भाव पडला की अख्खा ट्रकच सैल होतो. हलकं घ्या.

डॉ_स्लाइड

मी नाशिकमध्येच हिस्टोपॅथॉलॉजी करतो, म्हणजे टिश्यूच्या स्लाइड बघून निदान. ज्या शब्दावर सगळे सहज पुढे गेले तिथे मला थांबायचं आहे: टिश्यू.

आमच्याकडे टिश्यू येतो तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत. दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, म्हणजे जवळपास चार टक्के फॉर्माल्डिहाइड. तो करतो काय? प्रोटीनांना एकमेकांशी जखडतो, आणि त्याची आवडती जागा कोणती? लायसिन! म्हणजे तुमच्या पद्धतीत ज्यावर खूण लावायची ते लायसिन आमच्या बाटलीत आधीच गुंतलेलं. फॉर्मॅलिननंतर टिश्यू मेणात बसवून ठेवतो. आमच्या कपाटातले ते मेणाचे ठोकळे मग या कामाला निरुपयोगी, असंच ना? तसं असेल तर ‘रुग्णाच्या टिश्यूवरून’ हा शब्दप्रयोग जरा जपून वापरायला हवा, कारण भारतात रुग्णाचा टिश्यू म्हणजे ९९ वेळा मेणाचा ठोकळा.

आणि गंमत पाहा, रंगवायलाही फॉर्माल्डिहाइड आणि जखडायलाही फॉर्माल्डिहाइड. हे कसं?

नीलिमा_गंगापूररोड

डॉक्टर, फरक सोबत्याचा आहे. फॉर्माल्डिहाइड लायसिनवर बसला की आधी कच्चा जोड तयार होतो, इमाइन. त्याला मोकळं सोडलं तर शेजारच्या गटाला पकडून पूल बांधतो, तुमच्या बाटलीत हेच होतं. पेंटिंगमध्ये सोबत सोडियम सायनोबोरोहायड्राइड असतं. ते त्या कच्च्या जोडाला लगेच क्षपित करून साधा मिथाइल गट बनवतं. पूल बांधायला सवडच मिळत नाही.

मेणाच्या ठोकळ्यांबद्दल तुमचं बरोबर. आकारासाठी ते चालत नाहीत, ताजा किंवा झटकन गोठवून उणे ८० ला ठेवलेला टिश्यू लागतो. पण ‘कोणतं प्रोटीन आहे’ एवढंच विचारायचं असेल तर मेणाचा ठोकळा उत्तम चालतो. जोड उष्णतेने बऱ्यापैकी सोडवता येतात.

जया_देवळाली

मी विज्ञानातली नाही, गेले दोन दिवस नुसती वाचत होते. वडिलांच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘अमायलॉइड, काँगो रेड पॉझिटिव्ह, टायपिंग बाय मास स्पेक्ट्रोमेट्री सजेस्टेड’ असं लिहिलंय. अमायलॉइड म्हणजे घडी बिघडलेलं प्रोटीन असं डॉक्टरांनी सांगितलं. मग ही तपासणी म्हणजे तुम्ही बोलताय तीच का? आणि नमुना तर मेणातच आहे. आता परत बायोप्सी करावी लागेल का?

डॉ_स्लाइड

जयाताई, काळजी करू नका, ही ती तपासणी नाही. मेणातला नमुनाच त्याला लागतो, त्यासाठी पुन्हा सुई टोचायची गरज साधारणपणे पडत नाही.

अमायलॉइड हा एक आजार नव्हे. माणसात तीसहून अधिक वेगवेगळी प्रोटीनं चुकीची घडी पडून असे धागे बनवू शकतात. काँगो रेड हा रंग लावून ध्रुवित प्रकाशात पाहिलं की सगळी सफरचंदी हिरवीच दिसतात. टायपिंगमध्ये स्लाइडवरचा तेवढाच डाग लेझरने कापून घेतात आणि मास स्पेकवर त्यात कोणतं प्रोटीन सर्वांत जास्त आहे ते बघतात. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने ही पद्धत रुळवली. घडी बिघडली आहे हे काँगो रेडने आधीच सांगितलंय, मास स्पेक फक्त कोणाची बिघडली ते सांगतं.

हे महत्त्वाचं अशासाठी की उपचार पूर्ण वेगळे. अँटिबॉडीच्या लाइट चेनचं (लहान साखळीचं) अमायलॉइड असेल तर रक्ताच्या कॅन्सरसारखी औषधं. ट्रान्सथायरेटिन या रक्तातल्या प्रोटीनचं असेल तर टॅफामिडिससारखं औषध. एकाचा उपचार दुसऱ्याला देऊन चालत नाही. म्हणून टायपिंग टाळू नका. ब्लॉक (तोच मेणाचा ठोकळा) आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्या. आणि रक्त-लघवीतल्या लाइट चेनच्या तपासण्या झाल्यात का ते हिमॅटॉलॉजिस्टना नक्की विचारा.

जया_देवळाली

खूप आभार डॉक्टर. ब्लॉकबद्दल उद्याच विचारते.

नीलिमा_गंगापूररोड

ट्रान्सथायरेटिनचं नाव निघालंच आहे तर: ते रक्तात चार-चारच्या जोडगोळीत फिरतं. चौकडी सुटली की एकेकटं प्रोटीन सैल पडतं आणि धागे बनवू लागतं. टॅफामिडिस त्या चौकडीला धरून ठेवतं. म्हणजे आकार सांभाळणारं औषध प्रत्यक्ष बाजारात आहे. आकार मोजायची धडपड कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते.

सुरगाणा_मास्तर

आमच्या भागात सिकलसेलची मुलं वर्गात असतात. त्यातही हिमोग्लोबिनचा आकार बदलतो म्हणतात. ते याच प्रकारात मोडतं का?

नीलिमा_गंगापूररोड

मास्तर, तिथे दोन थर आहेत. पहिला थर वजनाचा: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, ३० डाल्टन कमी होतात. हे मास स्पेकला सरळ दिसतं. (अर्थात निदानाला एवढं मशीन लागत नाही, साधी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी पुरते.) दुसरा थर आकाराचा: ऑक्सिजन सुटला की ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब कांड्या बनवतात आणि पेशी विळ्यासारखी होते. कांडी बनली म्हणून एकेका साखळीचं वजन रतीभरही बदलत नाही. धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न या दुसऱ्या थराचा आहे.

वाइनवाला_दिंडोरी

अवांतर करतो. प्रोटीनचा आकार बदलला की आमचंही नुकसान होतं. व्हाइट वाइन बाटलीत स्वच्छ भरावी आणि उन्हाळ्यात दुकानात ठेवल्यावर गढूळ व्हावी, हा प्रकार आम्ही प्रोटीन हेझ म्हणतो. द्राक्षातली कायटिनेज आणि थॉमाटिनसारखी प्रोटीनं उष्णतेने उलगडतात आणि गोळा होतात. पिणाऱ्याला अपाय नाही, पण ग्राहक बाटली परत करतो. उपाय जुनाच, बेंटोनाइट माती घालून ती प्रोटीनं आधीच काढून टाकायची. बाटली भरण्याआधी थोडी वाइन तापवून पाहतो, गढूळली तर अजून माती.

तर आकार बदलला हे आम्ही डोळ्यांनीच बघतो. कोट्यवधींचं मशीन नको.

तिखट_रस्सा

तुम्ही डोळ्यांनी बघता, आम्ही जिभेने. नाशिकच्या संशोधनाला तोड नाही.

निफाडकर_बागाईतदार

मास स्पेकचा विषय निघाला आणि २०१० आठवलं नाही असा बागाईतदार नाशकात नसेल. क्लोरमेक्वाट, आपलं सीसीसी, वेलीची वाढ आवरणारं रसायन. द्राक्षात त्याचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडकला, तेव्हा एलसी-एमएस हा शब्द गावागावात पोचला. त्याआधी लॅब म्हणजे माती-पाणी परीक्षण.

अंबड_लिंकरोड

सीसीसी! १२२ वरून ५८, म्हणजे मूळ रेणू आणि त्याचा तुकडा, ही जोडी झोपेत विचारा. पण बघा भाऊ, तिथे रेणू आहे की नाही आणि आहे तर किती, एवढाच प्रश्न असतो. तो सुटला की रिपोर्टवर सही. इथे रेणू दोन्ही नमुन्यांत तितकाच असून वेगळा आहे म्हणतात. माझ्यासारख्याला पचायला वेळ लागणारच.

कोडर_कॉलेजरोड

एवढी उठाठेव कशाला? अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने सगळी प्रोटीनं सोडवली की. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं. क्रम द्या, आकार घ्या.

डॉ_स्लाइड

कोडरसाहेब, क्रम तोच असताना निरोगी माणसात एक आकार आणि आजारी माणसात दुसरा, हाच तर या धाग्याचा विषय आहे. क्रम दिला की अल्फाफोल्ड दोघांनाही एकच उत्तर देणार. (नोबेलमध्ये हसाबिस आणि जम्परसोबत बेकरही होते, ते नवी प्रोटीनं रचण्यासाठी.)

क्रमापलीकडेही काही असतं याचा मोठा पुरावा प्रायॉन, घडी बिघडली की मेंदूचे आजार घडवणारं प्रोटीन. निरोगी आणि रोगकारक प्रायॉन प्रोटीनचा क्रम एकच, घडी वेगळी. ओळखायची जुनी रीत कोणती माहितेय? नीलिमाताईंनी सांगितलेलं तेच प्रोटीनेज के! निरोगी प्रोटीन ते पूर्ण फस्त करतं, रोगकारकाचा २७ ते ३० किलोडाल्टनचा गाभा शिल्लक राहतो. प्रुसिनर यांना १९९७ चं नोबेल प्रायॉनसाठी मिळालं. म्हणजे ‘कापून आकार ओळखा’ ही कल्पना मेंदूच्या टिश्यूवरच वाढलेली आहे.

कोडर_कॉलेजरोड

बरं बाबा, मागे घेतो. निदान रचना माहीत असल्याने कोणतं लायसिन आत आणि कोणतं बाहेर हे तरी अल्फाफोल्डवरून कळेल ना?

नीलिमा_गंगापूररोड

हो, आणि तसंच वापरतातही. अंदाजाने आत असायला हवं ते लायसिन टिश्यूत उघडं सापडलं की नजर तिथे जाते.

अंबड_लिंकरोड

फिरून फिरून माझ्या दुसऱ्या शंकेवर येतो, तिचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. टिश्यू कुटताना घडी बिघडत नाही कशावरून?

शिवाय नीलिमाताई, लायसिन झाकलं गेलं म्हणजे घडी बदलली असंच कशाला? दुसरं प्रोटीन येऊन चिकटलं असेल. किंवा त्या लायसिनवर आधीच अॅसिटिल गट असेल, मग तिथे रंग बसणारच नाही. क्यूसीचा माणूस आहे, शिखर हललं की आधी कॉलम आणि बफरवर संशय घेतो.

नीलिमा_गंगापूररोड

संशय रास्त आहे. सरळ सांगते, या क्षेत्राची दुखरी नस हीच.

कुटताना काही प्रोटीनं बिघडतातच. विशेषतः पेशीच्या पडद्यातली. डिटर्जंटशिवाय ती बाहेर येत नाहीत आणि डिटर्जंट घातला की आकाराची खात्री नाही. म्हणून सौम्य बफर, थंडी, कमीत कमी वेळ. आणि मुख्य म्हणजे एका नमुन्यावरून कधीच बोलायचं नाही, निरोगी आणि आजारी दोन्ही नमुने त्याच हाताने, त्याच रीतीने कुटायचे. कुटण्याने होणारी बिघाडी दोन्हीकडे सारखी असेल तर तुलनेत ती वजा होते. पण ‘असेल तर’! अल्झायमरच्या टिश्यूत प्लाकमुळे (प्रोटीनच्या साचलेल्या गोळ्यांमुळे) पोतच वेगळा असेल आणि तो वेगळा कुटला जात असेल, तर ही वजाबाकी फसते. शवविच्छेदनाच्या नमुन्यात मृत्यूनंतर किती तासांनी टिश्यू गोठवला हाही घोळ असतो. निरोगी मेंदू चार तासांत मिळाला आणि आजारी वीस तासांत, तर तुम्ही आजार मोजताय की उशीर?

खरा इलाज कुटण्याआधी खूण लावणं. हायड्रॉक्सिल रॅडिकलच्या पद्धतीत हायड्रोजन पेरॉक्साइडवर लेझरचा झोत टाकतात, उघड्या जागांवर ऑक्सिजन बसतो, १६ डाल्टन वाढतात. हे जिवंत सूत्रकृमीत करून दाखवलंय. माणसाच्या बायोप्सीत ते जमवणं सोपं नाही, लेझरचा उजेड जाड टिश्यूत शिरत नाही. हायड्रोजन-ड्युटेरियमची अदलाबदल ही सर्वांत नाजूक पद्धत, पण लावलेलं ड्युटेरियम पाण्यात परत निसटतं. ते थांबवायला पीएच अडीच, तापमान शून्य आणि घाई. शुद्ध प्रोटीनला उत्तम, हजारो प्रोटीनांच्या टिश्यूला अवघड.

तुमचा अॅसिटिलचा मुद्दा: दुसऱ्या मोजणीत अॅसिटिल झालेलं लायसिन वेगळं शोधता येतं, शोधलंच पाहिजे. दुसरं प्रोटीन चिकटल्याचा मुद्दा मात्र या एका पद्धतीने सुटत नाही. त्यासाठी क्रॉसलिंकिंग (शेजारची प्रोटीनं रसायनाने जोडून बघणं) किंवा वेगळा प्रयोग. म्हणून प्रामाणिक पेपरात ‘पृष्ठभाग बदलला’ एवढंच लिहितात, ‘घडी बिघडली’ असं वर्तमानपत्रं लिहितात.

अंबड_लिंकरोड

हे उत्तर पटलं. म्हणजे माझा अर्धा अविश्वास गेला. मशीनबद्दलचा गेला, टिश्यूबद्दलचा ठेवून घेतो.

एक सूचना, कुणी उत्साहात घरच्या लॅबमध्ये करू नका: सोडियम सायनोबोरोहायड्राइडवर आम्ल पडलं तर हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. फ्यूम हूडशिवाय बाटली उघडायची नाही.

वाइनवाला_दिंडोरी

यापेक्षा बेंटोनाइट बरं.

जाता जाता, मोठे रेणू मास स्पेकमध्ये उडवण्यासाठी २००२ चं नोबेल मिळालेले तानाका हे शिमाझू कंपनीतले साधे इंजिनिअर होते, पीएचडी नाही. कोबाल्टच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन पडलं आणि टाकून द्यायला नको म्हणून त्यांनी ते तसंच वापरून पाहिलं. अंबडकर, अजून आशा आहे.

अंबड_लिंकरोड

आमच्याकडे चुकून काही पडलं तर डेव्हिएशन रिपोर्ट भरावा लागतो, नोबेल नाही.

डॉ_स्लाइड

एक व्यावहारिक प्रश्न. समजा पुण्या-मुंबईच्या एखाद्या गटाने आमच्याकडून नमुने मागितले. शस्त्रक्रियेतून टिश्यू निघाला की मिनिटभरात द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा. आमच्या थिएटरच्या शेजारी फॉर्मॅलिनच्या बाटल्यांची रांग आहे, नायट्रोजन मी आणू कुठून?

निफाडकर_बागाईतदार

डॉक्टर, आमच्या गावच्या गुरांच्या दवाखान्यात आहे की. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात, कंटेनर भरायला गाडी येते. बोलू का त्यांच्याशी?

डॉ_स्लाइड

आधी एथिक्स कमिटीशी मी बोलतो, मग तुम्ही गुरांच्या डॉक्टरांशी बोला. आणि कंटेनर वेगळा लागेल हो. माझ्या नमुन्यांशेजारी वळूच्या कांड्या असल्या तर कमिटी काय म्हणेल, विचार करा.